वास्तुसंवाद: सर साइटवर गेले की वर्गाचं काय?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की प्रॅक्टिस करणाऱ्या प्रत्येक आर्किटेक्टनं आठवड्यातून थोडा वेळ तरी मुलांना शिकवायला द्यावा. माझं ऑफिस बडोद्यात आहे, इथल्याच एका कॉलेजात मी व्हिजिटिंग म्हणून डिझाइन स्टुडिओ, म्हणजे आराखडे करायचा वर्ग, घेते, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या जगण्यातला आहे. त्या लेखावर बरीच पत्रं आली आणि काही चांगली रागावलेलीही होती. त्यांतली पाच इथे घेते.

माझी मुलगी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या डिझाइनच्या सरांचं स्वतःचं ऑफिस आहे. स्टुडिओ नऊचा, सर उगवतात साडेदहाला. मध्येच कॉन्ट्रॅक्टरचा फोन आला की तासभर गायब. मुलं रात्र रात्र जागून शीटं काढतात आणि ती बघायला सरांना वेळ नाही. एवढी फी भरायची ती यासाठी? कॉलेजांनी पूर्ण वेळ प्राध्यापकच नेमावेत असं तुम्हाला वाटत नाही का?
— एक आई, दांडिया बाजार

ताई, तुमची तक्रार शंभर टक्के खरी आहे, पण तुम्ही सुचवलेला उपाय मला पटत नाही.

नऊचा वर्ग नऊलाच सुरू झाला पाहिजे. रात्रभर जागून काढलेलं शीट समोर असताना फोन बंद पाहिजे. यात सूट नाही. उशिरा येणं हा त्या माणसाचा दोष आहे, त्याचं खापर प्रॅक्टिसवर फोडू नका. विभागप्रमुखांना लेखी कळवा, शक्यतो चार-पाच पालक मिळून. तोंडी बोललेलं हवेत विरतं.

पण पूर्ण वेळ शिकवणारेच हवेत म्हणाल, तर थोडं थांबा. आर्किटेक्टांचं शिक्षण आणि नोंदणी बघणाऱ्या कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरच्या १९८३च्या शिक्षणविषयक नियमांतच असं होतं की संस्थांनी आपल्या अध्यापकांना व्यवसाय करायला उत्तेजन द्यावं. याचं कारण उघड आहे. सर्जरी शिकवणाऱ्या डॉक्टरनं ऑपरेशन करू नये असं कुणी म्हणत नाही. इमारतीचंही तसंच. सिमेंटच्या गोणीपासून शेजाऱ्याच्या हरकतीपर्यंत सगळं ज्याच्या अंगावर येतं, त्याच्या तोंडून आलेल्या 'असं करू नकोस'ला वजन असतं.

प्रश्न एवढाच की तो साइटवरून वर्गात काय घेऊन येतो. एक उदाहरण सांगते. २०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं. अकोटा, समा, वडसर या भागांतल्या लोकांनी काय सोसलं ते तुम्हाला माहीत आहेच. तेव्हा माझ्या एका बंगल्याचं काम जोत्याच्या आसपास होतं. पूर ओसरल्यावर मालक म्हणाले, जोतं दोन फूट उचला. बोलायला सोपं आहे. पण घरात वडील व्हीलचेअरवर. रॅम्पचा उतार १ : १२ धरायचा, म्हणजे ६० सेंटिमीटर चढायला ७ मीटर २० सेंटिमीटर लांबी लागते, आणि वळणावर सपाट जागा सोडायची ती वेगळी. घरासमोर मोकळ्या सोडायच्या मार्जिनमध्ये तेवढी जागाच नव्हती. शिवाय गाडी कुठून चढवायची, पावसाचं पाणी शेजाऱ्याकडे न जाता कुठे न्यायचं, हे होतंच.

हा तिढा मी जसाच्या तसा स्टुडिओत नेला. पण त्याआधी मुलांना एक काम दिलं. आपल्या घराच्या किंवा सोसायटीच्या भिंतीवर पाण्याची जी रेघ उमटली आहे ती रस्त्यापासून मोजायची आणि घराचा सेक्शन (उभा छेद) काढून त्यावर निळ्या पेन्सिलीनं ओढायची. ज्यांच्याकडे पाणी आलं नव्हतं त्यांनी मित्राच्या घरी जायचं. जी शीटं आली ती बघून वर्ग गप्प झाला. कुणाच्या घरात रेघ ओट्याच्या वर होती, कुणाच्या घरात देवघराच्या कप्प्यात. एका मुलीनं जिन्याखालची मीटरपेटी काढली होती आणि ती पूर्णच्या पूर्ण रेघेखाली होती. तिनं विचारलं, "मॅम, जोतं उचललं तरी मीटर खालीच ठेवणार का?" दुसऱ्या दिवशी साइटवर गेल्या गेल्या मी इलेक्ट्रिशियनशी पहिली गोष्ट तीच बोलले. मीटर, मेन स्विच, पाण्याच्या टाकीची मोटर, सगळं रेघेच्या वर गेलं. रॅम्प शेवटी घराच्या बाजूनं वळवून मागच्या व्हरांड्यात आणला, आणि ती वाट स्टुडिओतल्या चर्चेतूनच निघाली.

तेव्हा ताई, सर किती वाजता आले हे लेकीला विचाराच. पण हेही विचारा की त्यांनी कधी सेंटरिंग लागलेल्या स्लॅबखाली नेलं का? साइटवर बदलावं लागलेलं ड्रॉइंग दाखवलं का? का बदललं ते सांगितलं का? याची उत्तरंही 'नाही' अशीच आली, तर त्यांच्या प्रॅक्टिसचा तुमच्या मुलीला काडीचा उपयोग नाही आणि तुमच्या पत्रात तेही लिहा.

मी २९ वर्षांचा आहे. मांजलपूरला छोटं ऑफिस आहे, एक पार्टनर, दोन ड्राफ्ट्समन. एका कॉलेजातून पूर्ण वेळ असिस्टंट प्रोफेसरसाठी विचारणा झाली आहे. आई म्हणते, महिन्याचा पगार सोडू नकोस. पार्टनर म्हणतो, तू गेलास तर ऑफिस बसलं. मन शिकवण्यात आहे, पण डिझाइनही सोडवत नाही. काय करावं?
— एक तरुण आर्किटेक्ट, मांजलपूर

आधी एक विचारते. पायाच्या आखणीपासून बीयू परवानगी (इमारत वापरायची परवानगी) हातात पडेपर्यंत एक तरी काम तुम्ही स्वतः तडीस नेलं आहे का? रजाचिठ्ठीसाठी, म्हणजे बांधकाम परवानगीसाठी, फेऱ्या, मधेच पैसे संपलेला मालक, तिसऱ्यांदा बदललेला प्लंबर, हे सगळं धरून. नेलं असेल तर शिकवायला जरूर या. नसेल तर ते आधी करा, कॉलेजं कुठे पळून जात नाहीत. विद्यार्थ्याला तुमच्याकडून जे हवं असतं ते बहुतेक वेळा कामाच्या शेवटच्या टप्प्यात कळतं. खिडकी बसल्यावर गळते की नाही, हे प्लॅन मंजूर झाल्या दिवशी कळत नाही.

पूर्ण वेळ नोकरी आणि ऑफिस एकत्र चालतं, पण तुमच्यासारख्या दोन पार्टनरांच्या ऑफिसात फार ओढाताण होते. कॉलेजचा दिवस दहा ते पाच. साइटचा खरा वेळ सकाळी आठ ते दहा, तेवढा तुम्हाला मिळेल. पण स्लॅब भरायचा दिवस? काँक्रीट एकदा सुरू झालं की मध्ये थांबवता येत नाही, नाहीतर जुन्या-नव्या थराचा सांधा कच्चा राहतो. आणि स्लॅबचा मुहूर्त नेमका ज्युरीच्याच, म्हणजे मुलांच्या कामाच्या तपासणीच्याच, दिवशी निघतो. त्या दिवशी साइटवर उभं राहायला पार्टनर तयार असेल, तरच या वाटेला जा. त्याच्याशी हे आत्ता, पैशांच्या वाटणीसकट स्पष्ट बोलून घ्या. कॉलेजकडून बाहेरची प्रॅक्टिस करण्याची परवानगी लेखी मागा. 'सगळेच करतात' यावर जाऊ नका. आर्किटेक्ट्स ॲक्ट, १९७२ खालची तुमची नोंदणी चालू ठेवा.

माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं व्हिजिटिंग घ्या. वार ठरलेले, बाकी दिवस ऑफिसचे. पैसे थोडे मिळतील, त्यावर घर चालणार नाही, हे आईंना आत्ताच सांगा. पुढे अनुभव वाढला की आणखी एक दार आहे. यूजीसीनं २०२२मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही सोय केली. आपल्या क्षेत्रातला निदान १५ वर्षांचा अनुभव लागतो, आणि संस्थेतल्या मंजूर जागांच्या १० टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका होऊ शकतात. ते तुम्हाला आज लागू नाही, पण नजरेत ठेवा.

तुमचं मन शिकवण्यात आहे म्हणता, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. शिकवायला लागलं की हातानं वर्षानुवर्षं केलेल्या गोष्टींचं कारण सांगावं लागतं. जिनाच घ्या. ऑफिसात आपण १५ सेंटिमीटरची पायरी, ३०चा पाट असं डोळे मिटून टाकतो. वर्गात मूल विचारतं, "हेच का?" मग दोन रायझर (पायरीची उंची) अधिक एक ट्रेड (पाय ठेवायचा पाट) मिळून साधारण ६० ते ६५ सेंटिमीटर हवेत, हा नियम सांगायचा. पण तेवढ्यानं भागत नाही. सपाटीवर माणसाचं पाऊल साधारण एवढं पडतं, आणि वर चढायचे कष्ट पुढे जाण्याच्या दुप्पट धरायचे, हा त्यामागचा विचार. तो मांडला फ्रान्स्वा ब्लाँदेल यांनी. १६७१मध्ये पॅरिसला वास्तुकलेची राजेशाही अकादमी सुरू झाली, तिचे ते पहिले संचालक, आणि त्याच सुमारास शहराच्या वेशीवरची पोर्त सँ-दनी ही कमान त्यांच्याच हातची. एका हातानं वर्ग, दुसऱ्या हातानं काम, ही चाल इतकी जुनी आहे.

मग त्याच जिन्यावर मुलं कुठे अडकतात ते तुम्हाला दिसायला लागेल. मजल्याची उंची ३ मीटर, रायझर १५चे, म्हणजे २० रायझर, दोन फ्लाइटमध्ये (चढांत) दहा-दहा. दहावा रायझर थेट लँडिंगवर, म्हणजे सपाट टप्प्यावर, चढवतो, म्हणून प्रत्येक फ्लाइटमध्ये ट्रेड नऊच. लांबी २ मीटर ७० सेंटिमीटर. निम्मा वर्ग दहा ट्रेड काढतो. आणि लँडिंग दीड मीटरवर असताना त्याच्याखालून संडासाचं दार काढणारे तर दर वर्षी भेटतात. अशा वेळी ओरडायचं नाही. टेप द्यायचा आणि कॉलेजच्याच जिन्याखाली उभं राहायला सांगायचं. हे करण्यात तुम्हाला आनंद वाटत असेल तर तुम्ही शिक्षक आहात. नुसतं नावापुढे प्रोफेसर लागावं म्हणून येत असाल तर ऑफिसच सांभाळा.

आमचे एक सर त्यांच्या ऑफिसच्या स्पर्धेची मॉडेलं आणि रेंडर (संगणकावरची चित्रं) सुट्टीत आमच्याकडून करून घेतात. पैसे देत नाहीत, अनुभवाचं सर्टिफिकेट देतात. नाही म्हटलं तर इंटर्नल मार्कांची भीती वाटते.
— चौथ्या वर्षातला एक विद्यार्थी

हे चूक आहे. यात दुसरी बाजू नाही.

ऑफिसात काम शिकण्यासाठी अभ्यासक्रमातच प्रॅक्टिकल ट्रेनिंग ठेवलेलं आहे, नोंदणीकृत आर्किटेक्टच्या हाताखाली. तिथेही मोबदला मागायला लाजायचं नाही. ज्याच्या हातात तुझे मार्क आहेत त्याच्या ऑफिसात फुकट राबणं म्हणजे अनुभव नव्हे. एकटा जाऊ नकोस, ज्यांनी ज्यांनी काम केलंय त्यांनी मिळून विभागप्रमुखांकडे जा, तारखा आणि केलेल्या कामाची यादी घेऊन. तुमच्या अंतिम मार्कांसाठी बाहेरचे परीक्षक असतील अशी मागणी करा. आणि पाठवलेल्या शीटवर तुमची नावं नसतील तर तेही त्या यादीत लिहा.

शिकवणाऱ्या सगळ्या मित्रमैत्रिणींना मी कळकळीनं सांगते, आपल्या वर्गातल्या मुलाला तो पास होऊन बाहेर पडेपर्यंत आपल्या ऑफिसचं काम देऊ नका. पगार देऊनही देऊ नका. त्याला नाही म्हणता येत नाही, हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं.

बडोद्यात आणि आपल्या मराठी माणसांत अशी बांधणारी आणि शिकवणारी परंपरा आहे का? नव्या पिढीला कुणाची नावं सांगावीत?
— निवृत्त शिक्षक, रावपुरा

काका, तुमच्या प्रश्नानं फार बरं वाटलं.

बडोद्यात सुरुवात कलाभवनापासून करायची. सयाजीराव महाराजांनी १८९०मध्ये ते काढलं आणि प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती दिलं. हातानं काम करणाऱ्याला शास्त्र आणि शास्त्र शिकणाऱ्याला हातकाम, हा त्यामागचा विचार. दादासाहेब फाळके इथेच शिकले. विद्यापीठाची आजची तंत्रज्ञान आणि अभियांत्रिकी शाखा त्याच कलाभवनातून वाढली. १८९०मध्येच लक्ष्मीविलास राजवाडा पूर्ण झाला. चार्ल्स मँट यांनी आराखडा केला आणि त्यांच्या निधनानंतर काम रॉबर्ट चिझम यांनी तडीस नेलं. बडोदा कॉलेजचा मोठा घुमटही चिझम यांचाच. हे चिझम मद्रासला सरकारी वास्तुविशारद होते आणि तिथल्या कला-उद्योग शाळेचे प्रमुखही होते. म्हणजे आपल्या शहराची ओळख झालेला घुमट एका शिकवणाऱ्या आर्किटेक्टनं बांधला.

मुंबईला जे.जे.च्या आर्किटेक्चर शाळेत क्लॉड बॅटली १९२३ ते १९४३ मुख्याध्यापक होते, आणि त्याच काळात ग्रेगसन, बॅटली अँड किंग या फर्मचे भागीदार. मुंबई सेंट्रल स्टेशन या फर्मचं. साहेब असूनही मुलांना ते इथली जुनी घरं, देवळं मोजायला लावत. रोम-ग्रीसचे खांब घोटून घेण्याचा तो जमाना होता, हे लक्षात घेतलं की त्याचं महत्त्व कळतं.

त्यांच्या विद्यार्थ्यांत आचऱ्याचे अच्युत कानविंदे. आपल्या कोकणातला हा मुलगा पुढे हार्वर्डला वॉल्टर ग्रोपिअस यांच्याकडे शिकला, आणि ग्रोपिअसही तेव्हा शिकवता शिकवता आपली फर्म चालवत होते. दोन्ही ठिकाणी शिकवणारे असे हातानं बांधणारे भेटले. परत येऊन कानविंद्यांनी आयआयटी कानपूरचा परिसर उभा केला. तिथल्या वर्गांना जोडणाऱ्या झाकलेल्या वाटा बघा. कडक उन्हात मुलं एका इमारतीतून दुसरीकडे कशी जातील, याचा विचार केलेला माणूस दिसतो.

बाळकृष्ण दोशी पुण्याचे, जन्म १९२७चा. जे.जे.त शिकले, पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्याकडे काम केलं. १९५६मध्ये अहमदाबादेत ऑफिस काढलं आणि १९६२मध्ये तिथेच आर्किटेक्चरची शाळा सुरू केली. बडोद्याजवळची जीएसएफसी या खत कंपनीची टाउनशिप त्यांची. इंदूरच्या वाचकांना अरण्य वसाहत माहीत असेल. लोकांना जोतं, संडास-न्हाणीचा गाभा आणि सेवा द्यायच्या, घर त्यांनी ऐपतीप्रमाणे वाढवायचं. त्या कामाला आगा खान पुरस्कार मिळाला आणि २०१८मध्ये दोशींना प्रित्झकर हा वास्तुकलेतला मोठा पुरस्कार, भारतातले पहिलेच. अमेरिकन आर्किटेक्ट लुई कान यांना आयआयएमच्या कामासाठी अहमदाबादला आणण्यात दोशींचा मोठा हात होता, आणि कानही फिलाडेल्फियात ऑफिस चालवत तिथल्याच विद्यापीठात शिकवत होते.

आणि आपले माधव आचवल! सयाजीराव विद्यापीठात त्यांनी आर्किटेक्चर शिकवलं आणि मराठीत जागा, प्रकाश, भिंत, दार यांच्यावर असं लिहिलं की आर्किटेक्चरशी संबंध नसलेला वाचकही आपल्या घराकडे नव्यानं बघू लागला. त्यांचं नाव बडोद्यातल्या मराठी मुलांनाही सांगावं लागतं याचं मला वाईट वाटतं. काका, तुम्ही नातवंडांना पहिलं नाव हेच सांगा.

आमचा वाडा दीडशे वर्षांपूर्वीचा असावा. भाऊबंदांत वाटण्या झाल्यात, पुढची पिढी बाहेरगावी. कॉलेजची मुलं अशा वाड्याचं मोजमाप घेतात असं ऐकलं. बोलवावं का? वाड्याला त्याचा उपयोग काय?
— एक वाडेकरी, मांडवीजवळ

जरूर बोलवा. याला आम्ही मेजर्ड ड्रॉइंग म्हणतो आणि शिकवणं नि प्रत्यक्ष काम ज्या एका ठिकाणी खरंच एकत्र येतं ते हे. तांबेकर वाडा सरकारी संरक्षणाखाली आहे म्हणून टिकला. तुमच्यासारखे वाडे मात्र कागदावर यायच्या आत पडतात.

मुलं टेप, ओळंबा आणि दोरी घेऊन येतील, हल्ली लेझरचं मीटरही असतं. जुन्या खोलीचा काटकोन क्वचितच जुळतो, म्हणून चारही बाजूंसोबत दोन्ही कर्ण मोजतात. खांबाचा दगडी तळखडा, तुळईचा जोड, कडीपाटाच्या कड्यांमधलं अंतर, चौकातल्या पाण्याची वाट, सगळं कागदावर येईल. त्यांच्याबरोबर प्रॅक्टिस करणारा शिक्षक आलाच पाहिजे असा आग्रह धरा. मूल खांबाची नक्षी काढत बसेल, शिक्षक आधी खांबाचा तळ ठोकून बघेल. भिंतीत जाणारं तुळईचं टोक आणि जमिनीजवळचा खांब, वाळवी आणि ओल या दोन जागी आधी धरते. बद्द आवाज आला की तिथे खूण करून घ्या.

तुम्हाला मिळेल तो प्लॅन, सेक्शन आणि समोरच्या दर्शनी भागाचा संच. दुरुस्तीचा अंदाज काढायला, वाटणीचे वाद मिटवायला आणि पुढे वारसा म्हणून अर्ज करायला तो कामाचा आहे. पण तो वाडा सुरक्षित असल्याचा दाखला नव्हे. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरला पैसे देऊन बोलवावंच लागतं. विद्यार्थ्यांच्या ड्रॉइंगवरून कुणी एखादी भिंत काढायला सांगितली तर काढू देऊ नका.

पावसाळ्यात नको, दिवाळीनंतर बोलवा. आधी सगळ्या भाऊबंदांची लेखी संमती घ्या आणि संचाची एक-एक प्रत प्रत्येकाला मिळेल हे कॉलेजकडून लिहून घ्या. माळ्यावरचं सामान हलवून ठेवा, कारण छपराची लाकडं तिथूनच दिसतात. जुने फोटो, कर्जाचे किंवा वाटणीचे कागद असतील तर त्यांच्या झेरॉक्स काढून ठेवा. वाड्यात कुठे काय पाडलं, कुठे नवीन विटकाम घातलं, हे घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाकडून मुलांना ऐकवा. पत्ता आणि संमतीची प्रत मासिकाच्या कार्यालयात पाठवलीत तर या हिवाळ्यात कुणाचा स्टुडिओ येऊ शकेल ते मी स्वतः बघेन.